मोर्चाचे फोटो भरपूर आहेत, पण मोर्चा निघाला कशासाठी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१८ चा नाशिक ते मुंबई किसान लाँग मार्च तुम्ही सोबत चालत टिपलात, २०२३ चा दिंडोरीहून निघालेलाही टिपलात. हाताशी चार हजारांच्या आसपास फ्रेम आहेत आणि त्यांतून माणसांचं पुस्तक करायचंय. एक प्रकाशक म्हणतात, ‘चेहरे ठेवा, बाकी काही नको.’ अर्थशास्त्र शिकवणारा तुमचा मित्र म्हणतो, ‘आकडे आणि आलेख नसतील तर नुसतं गरिबीचं प्रदर्शन होईल.’ रस्त्यावर उतरलेल्या माणसामागची पैशाची अडचण फोटोंच्या पुस्तकात आणायची कशी आणि चार हजारांतून निवडायचं काय, हे तुम्ही विचारलंय.

मी नाशिकमध्ये आधी एका दैनिकात आणि नंतर स्वतंत्रपणे, मिळून पंचवीसेक वर्षं फोटो काढतोय. त्यांतली बरीचशी कांदा, द्राक्षं आणि मोर्चे यांच्यातच गेली. दोन पुस्तकं केली, त्यांतलं पहिलं फसलं. ते का फसलं याच्यातच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

तुम्ही हा निवडीचा प्रश्न म्हणून विचारताय. मला वाटतं, जे तुम्ही शोधताय ते त्या चार हजार फ्रेममध्ये नाहीच. मोर्चातला माणूस घरातून तयारीने निघालेला असतो. टोपी, झेंडा, घोषणा सगळं घेऊन. ज्याच्यामुळे तो निघाला ते मात्र मागे राहिलेलं असतं. वावरात, बाजार समितीत, तलाठ्याच्या टेबलावर, घरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. मोर्चाचे फोटो कितीही चाळले तरी ते हाती लागायचं नाही. तेव्हा निवडत बसण्यापेक्षा पुन्हा बाहेर पडणं हे मोठं काम आहे.

माझाच किस्सा सांगतो. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून मोर्चा निघाला. कसारा घाट उतरताना मी एका बाईंच्या पायांचा फोटो काढला. टाचा फुटलेल्या, एका पायाला फडकं बांधलेलं, चपलेचा अंगठा तुटलेला. दैनिकाला पाठवताना खाली ओळ लिहिली, ‘कर्जाच्या ओझ्याखाली...’ वगैरे. फोटो छापून आला, बराच फिरला. बाईंचं नाव-गाव लिहून घेतलं होतं, तेवढं एक शहाणपण माझ्याकडून झालं होतं. पुढच्या उन्हाळ्यात सुरगाणा तालुक्यातल्या त्यांच्या पाड्यावर गेलो. प्रत हातात दिली, खालची ओळ वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, “आम्हाला कोण कर्ज देतो? कर्जाला सातबारा लागतो ना भाऊ. तो असता तर एवढं चालत कशाला आलो असतो?”

तेव्हा माझ्या पहिल्या पुस्तकाची डमी, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, तयार होती. तरी मी ते तसंच छापलं, कारण पैसे भरून झाले होते. त्या पुस्तकात पाय आहेत, सुरकुत्या आहेत, घाटातली लाल रांग आहे आणि शेवटी आझाद मैदान आहे. माणसं कशासाठी चालली हे मात्र कुठल्याच पानावर नाही.

त्या बाईंच्या एका वाक्यात किती गोष्टी आहेत बघा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण, दिंडोरी या भागांतून आलेल्या आदिवासींपैकी असंख्य जण जी जमीन कसतात ती कागदावर वनखात्याची आहे. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो जमीन कसतो त्याला ती चार हेक्टरच्या मर्यादेत मिळावी, असं त्यात आहे. दावा ग्रामसभेकडे करायचा, तिथून तो उपविभागीय समितीकडे जातो आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे. कागदावर वाट सरळ आहे. प्रत्यक्षात दावे पडून राहतात, फेटाळले जातात, नाहीतर कसतो एवढी जमीन न मिळता तिचा तुकडाच पट्ट्यावर, म्हणजे हक्काच्या कागदावर, येतो. जमीन नावावर नाही म्हणून सातबारा नाही, सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. आणि २०१७ साली राज्य सरकारने दीड लाखांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा या घरांत माफ करण्यासारखं बँकेचं कर्जच नव्हतं. जे होतं ते मुकादमाकडून मजुरीपोटी आगाऊ घेतलेली उचल, दुकानदाराची उधारी, नातेवाइकाकडून घेतलेले चार पैसे. ते कुठल्या यादीत बसणार?

सगळ्यांचं असंच आहे असं मी म्हणत नाही. त्याच मोर्चात गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचे थकबाकीदार होते, बागायतदार होते, नदीजोड प्रकल्पात आपलं पाणी गुजरातकडे जाईल म्हणून आलेले होते, म्हातारपणाची पेन्शन मागणारे होते. टोपी सगळ्यांची लाल. मोर्चाच्या फोटोत ही सगळी माणसं एकसारखी दिसतात आणि आपण त्यांना एकच नाव देतो, ‘कर्जबाजारी शेतकरी’. पुस्तकाने ती पुन्हा वेगवेगळी दाखवायला हवीत.

आता तुमचा २०२३ चा मोर्चा घ्या. तो १२ मार्चला दिंडोरीहून निघाला, घाट उतरला आणि वासिंदला थांबला, १८ तारखेला तिथूनच मागे फिरला. त्यात वनजमीन होतीच, पण पुढे होता कांदा. त्या वर्षी फेब्रुवारीत लाल कांद्याचा भाव कोसळला. इथे ‘लाल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. उन्हाळ कांदा टिकतो, कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर मांडवात, भरून ठेवता येतो, भावाची वाट बघत चार-सहा महिने काढता येतात. लाल कांदा थांबत नाही. तो काढला की विकायचा, समोर जो भाव असेल त्या भावाला. पिकाच्या या स्वभावावरूनच ठरतं की शेतकरी घासाघीस करू शकतो की नाही. चाळीत रचलेला उन्हाळ आणि उघड्या ट्रॉलीत लिलावाला उभा असलेला लाल, हे दोन फोटो समोरासमोरच्या पानांवर ठेवलेत तर तुमच्या मित्राच्या आलेखातलं निम्मं काम तिथेच होतं. अर्थात खाली दोन ओळी लिहाव्या लागतील. शहरातल्या वाचकाला कांदा कांद्यासारखाच दिसतो.

लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या कांदा बाजारात तुम्ही गेला असालच. नसाल तर एक अख्खा आठवडा जा. ट्रॉल्यांच्या रांगा, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतोय, पुकारा होतो, एका ट्रॉलीचा निकाल काही क्षणांत लागतो, चिठ्ठी हातात. मग वजनकाटा, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करायचा. बहुतेक फोटोग्राफर कांद्याचे ढीग काढतात आणि परत येतात. मी सांगेन, पुकारा चालू असताना कांद्याकडे बघू नका. ट्रॉलीवर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा बघा, आणि एकाच माणसाचे दोन फोटो घ्या, भाव कानावर पडण्याआधीचा आणि नंतरचा. चेहऱ्यांचं पुस्तक करायचं तर हे चेहरे घ्या. तुमचे प्रकाशकही खूश होतील.

त्यानंतर पट्टी, म्हणजे माल विकल्यावर हातात मिळणारा हिशोबाचा कागद. हिशोबपट्टी हा माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात बोलका फोटो आहे, आणि तो कुणीच नीट काढत नाही. वजन, भाव, रक्कम, खाली वजावट: हमाली, तोलाई, वाहतूक. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला, भाव मिळाला किलोला १ रुपया आणि सगळी वजावट होऊन हातात आला २ रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. तो कागद देशभर गाजला. ‘उलटी पट्टी’ हा शब्द आपल्याकडे उगाच आलेला नाही. माल देऊन वर आपणच देणं लागतो, अशीही पट्टी येते. हे कागद सपाट प्रकाशात, जसेच्या तसे, पानभर छापा. घडी, तेलाचा डाग, बोटाचा ठसा सगळं दिसू द्या. कलात्मक करायला जाऊ नका. एकच करा, नाव, खातेक्रमांक आणि गट नंबर झाका.

सुरगाण्याकडे गेलात तर असेच दुसरे कागद भेटतील. जुन्या लोकांनी जपून ठेवलेल्या वनखात्याच्या दंडाच्या पावत्या. अतिक्रमण केलं म्हणून कधीकाळी आजोबांकडून दंड घेतला, त्याची पावती. आज नातवाच्या दाव्यात तोच पुरावा होतो, कारण दंड झाला म्हणजे तेव्हा जमीन कसत होते हे सिद्ध झालं. एका घरात मला अशी पावती देवाच्या फोटोच्या मागे ठेवलेली दिसली. माझ्या दुसऱ्या पुस्तकातलं पहिलं पान तेच आहे.

हे दोन्ही मोर्चे मार्चमध्येच का निघाले, हा प्रश्न तुम्हाला पडला होता का? मला बरीच वर्षं पडला नव्हता. एक कारण सरळ आहे, मुंबईत तेव्हा अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असतं. दुसरं कारण शेतीच्या वर्षात आहे. डोंगरातली शेती पावसाची. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी, जे काय ते दिवाळीच्या सुमारास घरात येतं. मग माणसं खाली उतरतात, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी), विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), मग तोडा. टोळी ठरलेली, मुकादम ठरलेला, उचल पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली. मार्चमध्ये जो माणूस सहा दिवस चालतो त्याचा सहा दिवसांचा रोज बुडतो. तरी तो चालतो. ही गोष्ट फोटोत दिसत नाही, पण पुस्तकाचा क्रम तिच्यावरून लावता येतो. तुम्ही आत्ता क्रम लावला असेल नाशिक, घाट, ठाणे, आझाद मैदान. मी सांगेन, तो मोडा. जूनपासून सुरू करा. पेरणी, उचल, कापणी, खाली उतरणं, बागेतलं काम, लिलाव, पट्टी आणि मग मार्च. मोर्चा पुस्तकाच्या शेवटच्या एक-तृतीयांशात येऊ द्या. तोवर वाचक त्या माणसाला ओळखायला लागलेला असेल.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. सेबास्तियाव साल्गादो यांचं १९९७ चं ‘टेरा’ हे ब्राझीलच्या भूमिहीनांवरचं पुस्तक मिळालं तर बघा. त्यात आधी जमिनीवरची माणसं येतात, त्यांचं काम येतं, शहरांकडे जाणं येतं, आणि जमिनीसाठीचा लढा शेवटच्या भागात. म्हणून कुंपण तोडून आत शिरणाऱ्या गर्दीकडे वाचक पाहतो तेव्हा ती त्याला निव्वळ गर्दी वाटत नाही. आमच्याकडे मोर्चाच्या पुस्तकांत पहिल्याच पानावर मूठ वळलेली असते. मग पुढे चढायला जागाच उरत नाही.

दुसरं पुस्तक डोरोथिया लँग आणि त्यांचे पती, अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर यांचं, १९३९ चं. अमेरिकेत शेती सोडून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या कुटुंबांवरचं. तुमच्या मित्राला हे नक्की दाखवा, कारण फोटोग्राफर आणि अर्थशास्त्रज्ञ यांनी मिळून काय करता येतं याचा तो नमुना आहे. ट्रॅक्टर आले, कूळ निघालं, कापसाची शेती बदलली, हे सगळं टेलर मजकुरात सांगतात आणि फोटोंसोबत त्या माणसांचीच वाक्यं येतात. पुस्तकाच्या आतल्या आवरणावरसुद्धा लोकांचीच वाक्यं छापली आहेत.

पण लँगबाईंचीच एक चूकही लक्षात ठेवा. १९३६ मध्ये निपोमोच्या वाटाणा तोडणाऱ्यांच्या छावणीत त्यांनी काढलेला आई आणि मुलांचा फोटो सगळ्या जगाला माहीत आहे. त्यांनी त्या बाईंचं नाव विचारलं नव्हतं. गाडीचे टायर विकून त्या कुटुंबाने पोट भरलं, असं त्यांच्या टिपणात आलं. कुटुंबाने पुढे सांगितलं की तसं काही घडलंच नव्हतं. फ्लॉरेन्स थॉम्पसन हे नाव जगासमोर यायला १९७८ उजाडावं लागलं. त्या चेरोकी आदिवासी वंशाच्या होत्या हेही तेव्हाच कळलं. चाळीस वर्षं लोक त्यांच्याकडे भलतंच काहीतरी समजून बघत होते. माझ्या ‘कर्जाच्या ओझ्याखाली’ची आठवण मला तिथेच झाली.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं केलेलं काम बघा. ते कामगाराच्या मागे गटारात उतरले आणि त्याच्या घरापर्यंतही गेले.

आता आकड्यांबद्दल. तुमच्या मित्राचं म्हणणं मला पटतं, त्याचा उपाय पटत नाही. फोटोंच्या मध्ये आलेख आला की वाचक पान उलटतो. सरासरी एकरी खर्च अमुक हे वाक्य कुणाच्याच घरचं नसतं. मी असं करतो: एका घराची वही मागतो. बऱ्याच घरांत शाळेत जाणारी मुलगी हिशोब लिहिते. रोप, लागवडीची मजुरी, खत, फवारणी, डिझेल, निंदणी, उक्ती काढणी, ट्रॉलीचं भाडं. ती दोन पानं तिच्याच अक्षरात छापतो. समोरच्या पानावर तिच्या आईचा निंदणी करतानाचा फोटो. आणि खाली एवढंच, की या वहीत आईचा रोज लिहिलेला नाही.

हे मी भावनेपोटी करत नाही. २०१८ च्या मोर्चात स्वामिनाथन आयोगाप्रमाणे दीडपट हमीभाव ही मागणी होती, आणि त्याच वर्षी १ फेब्रुवारीला केंद्राच्या अर्थसंकल्पात दीडपट भाव देऊ असं जाहीरही झालं होतं. मग भांडण कशावर होतं? दीडपट कशाच्या, यावर. सरकार धरतं हातचा खर्च आणि घरच्यांची मजुरी. शेतकरी संघटना म्हणतात, स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि गुंतवलेल्या पैशावरचं व्याजही धरा. त्याला ते सी-टू म्हणतात. आणि आपल्या वहीत तर घरच्यांची मजुरीसुद्धा नाही, शेतकरी स्वतःच ती धरत नाही. एवढा गुंतागुंतीचा वाद दोन पानांत डोळ्यांना दिसतो. एक खबरदारी घ्या, कांद्याला हमीभाव नाही, तेव्हा कांद्याच्या वहीखाली हमीभावाची गोष्ट चिकटवू नका. त्यासाठी भाताची नाहीतर सोयाबीनची वही शोधा. मजकुरातली अशी एक चूक कुणीतरी पकडतो आणि मग सगळ्या पुस्तकावरचा विश्वास जातो.

मोठी चौकट समजावणारा एक लेख पुस्तकाच्या शेवटी असू द्या, दीड-दोन हजार शब्दांचा. तो तुमच्या मित्राकडूनच घ्या. त्यात २०२३ च्या मोर्चानंतर काय झालं तेही येऊ द्या. मोर्चेकऱ्यांनी कांद्याला क्विंटलमागे ६०० रुपये अनुदान मागितलं, जाहीर झाले ३५०. मग ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. मोर्चा मागे फिरला म्हणजे गोष्ट संपली, असं तुमच्या फोटोंवरून वाटतं. वासिंदचे फोटो बघा, सगळे झेंडे गुंडाळून ट्रकवर चढतायत. तो शेवट छान दिसतो, पण त्यानंतरच्या डिसेंबरमध्ये तीच माणसं पुन्हा लिलाव बंद पडलेल्या आवारात उभी होती.

इथपर्यंतचा मेळ घालतो. हातातल्या चार हजारांतून तीस-पस्तीस फोटो काढा, त्याहून जास्त नको. तेवढेच किंवा त्याहून जास्त नवीन काढायचे आहेत: पाच-सहा घरं, एक लिलाव, कागद, बागेतलं काम. घरं निवडताना एक सुरगाण्याचं, एक निफाडचं असं मुद्दाम वेगळं निवडा. निफाडच्या कांदेवाल्याच्या शेतात सुरगाण्याची बाई मजुरीला असते, आणि कधीकधी दोघं एकाच मोर्चात चालतात. कांद्याचा भाव पडला की तिचा रोजही पडतो. हे नातं अडचणीचं आहे, दोघांनाही त्यावर बोलायला फारसं आवडत नाही. पुस्तकात ते आलंच पाहिजे.

किती वेळ लागेल, हे तुमच्यावर आहे. नोकरी सांभाळून करत असाल तर किमान दोन शेतीवर्षं धरा. पैसे कुठून येतील याचं माझ्याकडे सरसकट उत्तर नाही. मी लग्नांचे फोटो काढून केलं.

रंगात की कृष्णधवल, हेही तुम्ही विचारलंय. गावाकडचे फोटो तुम्हाला हवे तसे करा. मोर्चाचे रंगीतच ठेवा. पानावर लाल रंग फार होतो, डोळ्यांवर येतो, मान्य. पण तो लाल रंग किसान सभेचा, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या शेतकरी संघटनेचा आहे. तो काढून टाकला की वर्षानुवर्षं पाड्यापाड्यावर बैठका घेऊन बांधलेला मोर्चा गरिबांचा आपोआप आलेला लोंढा वाटायला लागतो. तुम्हाला त्या पक्षाचं राजकारण पटो न पटो, कुणी बांधला हे झाकायचा अधिकार आपल्याला नाही. २०१८ ला मुंबईत पोचल्यावर सायनच्या सोमय्या मैदानातून रात्रीच निघून पहाटेपर्यंत आझाद मैदान गाठलं, दहावीच्या मुलांना सकाळी पेपरला जाताना अडचण नको म्हणून. ही शिस्त आपोआप येत नाही. त्या रात्रीचे फोटो तुमच्याकडे असतील तर हलले असले, दाणेदार असले तरी घ्या. ड्रोनचा एकच, आणि नसला तरी चालेल.

पायांचे फोटो किती ठेवायचे? एक. मुंबईने त्या पायांकडे बघून चपला दिल्या, पाणी दिलं, जेवण दिलं, मनापासून दिलं. ते नाकारण्यासारखं नाही. पण चपला वाटून झाल्या की बघणाऱ्याचं समाधान होतं आणि वनपट्ट्याबद्दल विचारायचं राहून जातं. मी स्वतः तेवीस फोटो छापले होते पायांचे. तेवीस!

परवानगीबद्दल थोडं. रस्त्यावरचा फोटो विचारल्याशिवाय छापता येतो, असं सगळे सांगतील. पुस्तक वेगळं असतं, ते वीस वर्षं कपाटात राहतं. मोर्चातल्या ओळखू येणाऱ्या चेहऱ्यांपैकी जेवढे गाठता येतील तेवढे गाठा, प्रत द्या, विचारा. वनजमिनीचे फोटो काढताना जास्त जपा. तारीख, आणि बऱ्याचदा ठिकाणही, फाइलमध्ये आपोआप नोंदलं जातं. एखाद्याच्या दाव्याला तो फोटो उपयोगी पडेल, एखाद्यावर त्यावरूनच अतिक्रमणाची केस होईल. कुठलं कसं, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. वनहक्क समितीतल्या माणसाला दाखवा, ते म्हणतील तसं करा. दोन चांगले फोटो गेले तर गेले.

छपाईचं फार लांबवत नाही. फोटो सहा बाय चारचे साधे प्रिंट काढून जमिनीवर मांडा, संगणकावर क्रम लावू नका. पानं सोळाच्या फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या पटीत, बसवा. बांधणी शिवणीचीच घ्या, चिकटवलेली असली की दोन पानांवर पसरलेला फोटो मध्ये गिळला जातो. पाचशेच्या आत प्रती असतील तर डिजिटल, त्यावर ऑफसेटचा हिशोब बसायला लागतो. आणि काहीही झालं तरी पुस्तकाची किंमत अशी होणार की त्यातल्या कुणालाही ते विकत घेता येणार नाही. म्हणून मी दुसऱ्या वेळी वर्तमानपत्राच्या कागदावर चोवीस पानांचा टॅब्लॉइड वेगळा छापला, मराठीतच, आणि तो पाड्यांवर वाटला. चहाच्या दुकानात, शाळेत, सोसायटीच्या ऑफिसात. पुस्तकापेक्षा तोच जास्त वाचला गेला.

छापायच्या आधी डमी घेऊन प्रत्येक घरी जा. मी त्या सुरगाण्याच्या बाईंकडे दुसऱ्या पुस्तकाची डमी घेऊन गेलो होतो. मोर्चाची पानं त्यांनी भराभर उलटली. त्या कसतात त्या वनजमिनीच्या प्लॉटचा फोटो आला तिथे थांबल्या. घरातल्या सगळ्यांना हाक मारली. बराच वेळ बोटाने काहीतरी मोजत होत्या. मग म्हणाल्या, “हा वरचा बांध आता नाही. गेल्या पावसात वाहून गेला. आणि तुम्ही एक एकर लिहिलंय, आम्ही अडीच कसतो, पट्टा एकाचा आलाय.” मी तिथेच बसून पेन्सिलीने समासात दुरुस्ती केली. तुमच्या डमीत समास मोठे ठेवा.